समुद्रातली जागा

अंधेरीच्या मनुष्याने वेसाव्यास जाणे यास प्रवास म्हणावे की नाही, याविषयी आमच्या घरात दुमत आहे. काशी-रामेश्वर करून आलेल्याने प्रवासाची हकीकत लिहावी. घरापासून दोन-तीन मैलांवर जाऊन संध्याकाळच्या जेवणास परत येणाऱ्याने लिहू नये, असे आमच्या वडीलबंधूंचे म्हणणे. ते खरेही असेल. पण रामेश्वरचे मला आता देवळातील लांबलचक ओवऱ्या तेवढ्या आठवतात, आणि गेल्या ज्येष्ठात वेसाव्यास काढलेला एक दिवस काही केल्या मनातून जात नाही. तेव्हा वडीलबंधूंची क्षमा मागून तो दिवस येथे लिहून काढतो.

गावाचे घरगुती नाव वेसावे. सरकारी कागदांत, नकाशांत व पाट्यांवर ते वर्सोवा झाले आहे. परंतु कोळीवाड्यातील वृद्ध मनुष्य अजून ‘वेसावकर’ म्हणूनच आपली ओळख सांगतो. २०१४ च्या जूनमध्ये घाटकोपरपासून येथवर मेट्रो धावू लागली, आणि तिच्या शेवटच्या स्थानकासही वर्सोवा हेच नाव मिळाले. मौज अशी की, त्या स्थानकावर उतरणाऱ्यास ना समुद्र दिसतो ना कोळीवाडा. चोहीकडे उंच इमारती, त्यांच्या पायथ्याशी औषधांची व चष्म्यांची दुकाने. तेथून रिक्षा करून सात बंगला मागे टाकावा, यारी रोड धरावा, आणि रस्ता जेथे इतका अरुंद होतो की रिक्षावाला कुरकुर करू लागतो, तेथे उतरावे. पुढचे नाकाने शोधावे.

या नाकाच्या गोष्टीबद्दल थोडे स्पष्टीकरण देणे बरे. आमच्या घरात मासा आला तो मत्स्यावताराच्या चित्रातूनच. त्यामुळे पहिल्या दहा पावलांत धोतराचा सोगा नाकाशी नेण्याचा मोह होतो, हे कबूल केले पाहिजे. पण मीठ, डांबर, ओले दोर, डिझेल व सुकत आलेला बोंबील यांचा तो मिश्र वास पाव घटकेत अंगवळणी पडतो, आणि मग गावाकडे नीट पाहता येते. घरांच्या ओट्यांवर बायका जाळी पसरून बसलेल्या. जाळे हाताच्या बोटांत व पायाच्या अंगठ्यात ताणून धरावयाचे आणि फाटके घर शोधून विणावयाचे, असे त्यांचे काम चाललेले. बोंबील सुकविण्याचे बांबूंचे उंच मांडव असतात, त्यांस वलांडी म्हणतात. हंगामात त्यांवर दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून तोरणासारखे टांगतात. मी गेलो त्या दिवशी वलांड्या रिकाम्या होत्या. जून उजाडला होता. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस, यांत्रिक होड्यांना समुद्रात मासे धरण्यास मनाई असते. हे माशांच्या विणीचे दिवस, आणि समुद्रही या दिवसांत खवळलेला. होड्या खाडीत व काठावर ओळीने विसावल्या होत्या. काहींवर ताडपत्री चढली होती, काहींची खरवड चालली होती.

ज्याच्याकडे जावयाचे त्याने दुपारी बोलाविले होते आणि मी, शाळामास्तरांच्या सवयीप्रमाणे, दोन तास आधीच पोचलो होतो. म्हणून तरीत बसून पलीकडे मढला जाऊन आलो. वेसावे आणि मढ यांच्यामध्ये मालाडची खाडी. माणसे, दुचाक्या, भाजीच्या पाट्या व शाळेची मुले एकाच तरीत घेऊन नावाडी काही मिनिटांत पार नेतो. ज्याला लोक वेसाव्याचा किल्ला म्हणतात तो या पलीकडच्या, मढच्या टोकावर आहे. पोर्तुगीजांनी खाडीचे मुख राखण्यासाठी बांधलेला. १७३९ साली, चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत, तो मराठ्यांनी घेतला; १७७४ साली इंग्रजांनी घेतला. म्हणजे आपल्याकडे तो अवघी पस्तीस वर्षे राहिला. सांप्रत तो हवाई दलाच्या ताब्यात असल्याने बाहेरूनच पाहावा लागतो. घेण्यास इतके रक्त सांडले आणि ठेवणे पस्तीस वर्षेच जमले, असा विचार करीत मी परतीच्या तरीत बसलो. त्या वेळी मला कल्पना नव्हती की, ठेवावे की सोडावे, हाच प्रश्न दुपारभर माझ्यापुढे मांडून ठेवला जाणार आहे.

परत येतो तो ओहोटी पुष्कळ उतरली होती. खाडीत गाळ इतका साचला आहे की, सकाळी पाण्यावर डुलणाऱ्या होड्या बाराच्या सुमारास चिखलात कुशीवर कलंडलेल्या दिसू लागल्या. त्या दिवशी ज्येष्ठ शुद्ध अष्टमी होती. ज्या घरात पंचांग आहे त्या घरातील मुलांनी हा हिशेब अवश्य करून पाहावा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की मुंबईच्या किनाऱ्यावर पूर्ण भरतीची वेळ साधारणपणे मिळते. अष्टमीची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहाला व सायंकाळी सहाच्या पुढेमागे भरती, दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमेस व अमावास्येस सव्वाअकरा ते बारा. आपण तिथी पाहतो ती एकादशीच्या फराळासाठी आणि श्राद्धपक्षासाठी. कोळ्याचे पोट तिथीवर चालते. अष्टमीच्या आसपास पाण्याला जोर नसतो, त्या दिवसांस भांग म्हणतात. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण, तेव्हा पाणी धावते आणि जाळे भरते.

आता यजमानाकडे वळतो. चाळीस वर्षांपूर्वी तो माझ्या वर्गात होता. आज त्याचे वय चोपन्न-पंचावन्न. मिशा पिकल्या आहेत, आणि गावात त्यास ‘नाखवा’ म्हणतात, तेच नाव मी येथे वापरतो. होडीचा धनी तो नाखवा. त्याची बोली मी माझ्या पुस्तकी भाषेत उतरवीत आहे, त्यामुळे तिच्यातला खारा वारा वाचकांपर्यंत पोचणार नाही, हा दोष माझा. निमित्त असे झाले की, आठ दिवसांपूर्वी तो अंधेरीच्या बाजारात भेटला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, “सर, घरात एका गोष्टीवरून मोडता पडला आहे. तुम्ही दोन्ही बाजू ऐकून घ्या. तुमचे आई ऐकेल.” निवृत्त मास्तराला कोणी पंच म्हणून बोलाविले की तो किती फुगतो, हे मास्तरांच्या कुटुंबांस ठाऊक आहेच.

मोडता असा. नाखव्याच्या घराण्यात एक होडी आहे आणि समुद्रात एक जागा आहे. समुद्रात जागा म्हणजे काय, हे मला प्रथम उमगेना. वेसावे, मढ, मनोरी, उत्तन, वसई, अर्नाळा या साऱ्या किनाऱ्यावर डोल नावाचे जाळे वापरतात. ते लांबलचक टोपीसारखे, किंवा सोवळ्यातल्या पिशवीसारखे म्हणा, तोंडाशी रुंद आणि शेवटी निमुळते असते. समुद्राच्या तळात भक्कम सोट रोवून अगर नांगर टाकून त्यास हे जाळे प्रवाहाच्या समोर तोंड करून बांधतात. मासा हुडकीत जावयाचे नाही. भरतीओहोटीचे पाणीच बोंबील, मांदेली, करंदी, जवळा जाळ्यात आणून सोडते. पाणी थबकले की जाळे उचलावयाचे, पिशवीचे टोक सोडून माल होडीत ओतावयाचा. या रोवलेल्या जागेस वसई-डहाणूकडे कव म्हणतात. नाखवाही बोलताना तोच शब्द योजीत होता. कोणाची कव कोठे, हे गावास माहीत. नाखव्याच्या आज्याने सोट रोविले, बापाने बदलले, याने दोनदा बदलले. समुद्रात कुंपण नाही आणि या जागेचा सातबारा नाही. दरवर्षी तेथे जाऊन जाळे लावले, एवढाच हक्काचा पुरावा. “एक साल गेलो नाही तर लोक थांबतील,” नाखवा म्हणाला. “दुसऱ्या साली विचारतील. तिसऱ्या साली विचारणार पण नाहीत.”

आणि गेले हंगाम वाईट. त्याच्या धाकट्या मुलीने वहीत हिशेब ठेवला आहे. मुलगी वाणिज्य शाखेची पदवीधर, अक्षर सुरेख. ती वही तिने माझ्यापुढे ठेवली आणि मी चष्मा पुसून ती वाचली, जशा एके काळी तिच्या बापाच्या वह्या वाचल्या होत्या. डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार व जेवण, जाळ्याची दुरुस्ती, इंजिनाचे काम. दुसऱ्या बाजूस विक्री. दहा फेऱ्यांपैकी चारांत डिझेल-बर्फाचाही खर्च भरून निघालेला नव्हता. तांबड्या शाईचे आकडे पानामागून पान वाढत गेलेले. पहिले तांबडे पान २०१९ चे.

ते वर्ष पश्चिम किनाऱ्यावरचा कोळी विसरणार नाही. अरबी समुद्रात त्या एकाच सालात वायु, हिक्का, क्यार, महा, पवन अशी वादळामागून वादळे उठली. क्यार आणि महा तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ऐन हंगामाच्या तोंडाशी. होड्या काठावरून निघाव्या तो परत फिराव्या. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने काढलेले आकडे असे: महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २०१८ साली २ लाख ९५ हजार टन मासळी उतरली होती, ती २०१९ साली २ लाख १ हजार टनांवर आली, पंचेचाळीस वर्षांतील सर्वांत कमी. पुढल्या वर्षी मार्चमध्ये टाळेबंदी. मासळी होती तरी बाजार बंद. जूनमध्ये निसर्ग वादळ. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते, ज्याने नांगरलेल्या होड्याही आपटून फोडल्या. पुढे काही महिने बरे गेले, पण तुटलेला हिशेब सांधला नाही.

सारा दोष वाऱ्याच्या माथी मारण्यास मात्र नाखवा तयार नव्हता. “वारा आमच्या बापाच्या वेळी पण होता,” तो म्हणाला. मोठ्या यांत्रिक होड्या वेढा घालून थवेच्या थवे उचलतात, त्या पर्ससीन जाळ्यांवर राज्य सरकारने २०१६ साली निर्बंध घातले. रात्री प्रखर दिवे लावून मासा भुलविण्याच्या प्रकारास केंद्र सरकारने २०१७ साली बंदी केली. बंदी कागदावर आली तरी दिवे लांबून दिसतात, असे त्याचे म्हणणे. २०२३ साली पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा ठरला, आणि त्याच साली चोपन्न जातींच्या मासळीची लहानात लहान लांबी नियमाने ठरवून दिली, की त्याहून लहान पिल्लू धरू नये. “चांगले केले,” तो म्हणाला, “पण डोलीचे शेवटचे घर बारीक असते. पाणी जे आणील ते येते. त्यात पिल्लूही येते. हे पाप आमचेही आहे, सर.” हे तो न विचारता बोलला. आपल्या धंद्यातील दोष आपल्याच तोंडाने सांगणारा मनुष्य मी वकिलांत, वैद्यांत, आणि मास्तरांत तर फारच थोडा पाहिला आहे.

आणि प्लास्टिक. खाडीतून शहराचे सारे उच्छिष्ट वाहत येते, आणि डोलीच्या पिशवीस मासा व पिशवी यांतला भेद कळत नाही. कित्येक फेऱ्यांत जाळे जड लागते, उचलताना चार माणसे घामाघूम होतात, आणि ओतावे तो अर्धा कचरा. याच वेसाव्याच्या चौपाटीवर २०१५ पासून एका तरुण वकिलाने, अफरोज शहा यांनी, लोकांना बरोबर घेऊन कचरा उचलण्याचे काम चालविले. संयुक्त राष्ट्रांनी २०१६ साली त्यांचा गौरव केला, आणि २०१८ च्या मार्चमध्ये त्या वाळूतून कासवाची पिल्ले निघून समुद्राकडे चालत गेली. नाखवा त्या दिवशी पाहावयास गेला होता. कासव कोळ्याला देवासारखे. तो सांगताना त्याचा आवाज बदलला. मात्र काठ झाडता येतो, तळ कसा झाडावयाचा, हा त्याचा प्रश्न. यारी रोडवर, त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर म्हणा ना, केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, १९६१ साली स्थापन झालेली. देशभरातून मुले तेथे मत्स्यशास्त्र शिकावयास येतात. त्यांतली काही त्याच्या ओट्यावर येऊन जाळ्याची मापे घेऊन जातात. त्यांना चहा मिळतो.

अशा स्थितीत बाहेरगावच्या एका मासळीव्यापाऱ्याने निरोप पाठविला होता: होडी मला वर्षाच्या कराराने द्या, खलाशी माझे, डिझेल माझे, कवेवर जाळे मीच लावीन, तुम्हांला दरमहा ठरलेली रक्कम घरपोच. नाखव्याचा मुलगा गोरेगावास कचेरीत नोकरीस आहे. त्याचे म्हणणे, द्यावी. “बाबांनी आणखी दोन हंगाम असे काढले तर घर गहाण पडेल,” असे तो शांतपणे म्हणाला. तो उद्धट मुळीच नव्हता. मला त्याचा मुद्दा पटला, हे येथे लिहिले पाहिजे. शिवाय आता होडीवर घरची माणसे कोठे राहिली? खलाशी उत्तरेकडून व झारखंडाकडून येतात. घरचा असा एक नाखवाच. मुलगी म्हणत होती, होडी विकावी पण कव देऊ नये. आणि नाखवा काहीच म्हणत नव्हता. त्याला कशाची भीती होती ते त्याने मला ओट्यावर एकट्याला गाठून सांगितले: त्या व्यापाऱ्याची माणसे आणखी बारीक घराचे जाळे लावतील, दोन सालांत जागा ओरबाडून मोकळी होतील, आणि गाव म्हणेल, ही अमक्याची कव.

मला काय बोलावे ते सुचेना, म्हणून मी एक गोष्ट सांगितली. माझा भाचा अमेरिकेत टेक्सास प्रांतात असतो. त्याच्या कचेरीतील पाच-सहा जण मिळून एका जमीनदारास दरसाल एकराच्या दराने पैसे देतात. मोबदल्यात त्याच्या रानात हंगामापुरती हरणांची शिकार करण्याचा हक्क त्यांना मिळतो. दोन वर्षे अवर्षण पडले, पाडसे जगली नाहीत, शिंगेही खुरटी निघाली. तेव्हा पट्टा पुढे चालवावा की सोडावा, यावर त्या मंडळींत महिनाभर खल चालला होता. भाचा शाकाहारी, तो बिचारा मधल्या सुट्टीत बसून हे ऐके. हरिणांचा मक्ता! आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो प्रकार संपला. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात चितळ रस्त्याकाठी निर्धास्त चरतात, आणि त्यांना धास्ती असलीच तर बिबट्याची.

नाखव्याने गोष्ट नीट ऐकून घेतली. मग विचारले, “हरणे कमी झाली म्हणून त्यांनी पट्टा सोडला, तर जमीन कोणाकडे जाते?”

“जमीनदाराकडे.”

“तो काय करतो?”

“एखादे साल रान तसेच ठेवतो. गवत वाढते. हरणे पुन्हा येतात.”

“मग त्यांचे बरे आहे. आमचे तसे नाही. मी जागा सोडायची ठरवली तर परत कोणाकडे देऊ? दर्याला जमीनदार नाही. मी उठलो की दुसरा बसणार, आणि तो जाळे लावणारच. जागेला विश्रांती माझ्या सोडण्याने मिळत नाही.”

मी निरुत्तर झालो. खरे सांगावयाचे तर याच मुलापुढे मी पूर्वीही एकदा निरुत्तर झालो होतो, आणि ते त्या वेळी मला कळलेही नव्हते. वर्गात शाकुंतलातील धीवराचा प्रसंग चालला होता. वाचकांस तो ठाऊक आहे: माशाच्या पोटात सापडलेली राजाची अंगठी विकावयास आणणाऱ्या कोळ्यास रक्षक बांधून नेतात, त्याच्या धंद्यावरून त्याची टवाळी करतात, त्यावर तो म्हणतो की, निंद्य म्हटले तरी ज्याचे जे जन्माचे कर्म त्याने ते टाकू नये, आणि दाखला देतो यज्ञात पशू मारणाऱ्या दयाळू श्रोत्रियाचा. पोरे हसली. वर्गात कोळ्याचा मुलगा एकच, तोही हसला. मग हात वर करून त्याने विचारले, “सर, त्याला बांधले कशाला? त्याने तर अंगठी आणून दिली.” मी उत्तर दिले, “तो प्राकृत बोलतो, त्याची संस्कृत छाया पुढच्या तासाला करू.” तास संपला. पुढच्या तासाला छाया केली. प्रश्न तसाच राहिला.

ओट्यावर बसल्या-बसल्या मला ते सारे नाटक निराळेच दिसू लागले. त्याच्या पहिल्या अंकात राजा हरिणामागे बाण लावून धावतो, आणि आश्रमातले तापस मध्ये पडून हरिणास वाचवितात. सहाव्यात मासे धरणारा येतो. त्याच्यासाठी मध्ये पडावयास कोणी तापस नाही. राजाला शिकार ही करमणूक होती. कोळ्याला तीच चूल. इतकी वर्षे हे दोन्ही अंक मी शिकविले, परीक्षेत त्यांवर प्रश्न काढले, आणि ते एकाशेजारी एक ठेवून पाहिले नाहीत. नाखव्यास मी एवढेच म्हणालो की, त्या दिवशीच्या तुझ्या प्रश्नाचे उत्तर मजपाशी आजही नाही. त्याला तो प्रश्न आठवत नव्हता. हसणे मात्र आठवत होते.

इतक्यात आतून त्याची आई बाहेर आली. वय ऐंशीच्या घरात, कंबर वाकलेली, पण लुगडे कोळणीच्या पद्धतीने घट्ट कासलेले. ही बाई पन्नास वर्षे डोक्यावर पाटी घेऊन अंधेरीच्या बाजारात बसली. कोळ्यांच्या घरात पैसा बाईच्या हाती असतो, हे मी ऐकून होतो; त्या दिवशी पाहिले. तिने नातवाला, नातीला, मुलाला ओळीने बसविले, मला म्हणाली, “मास्तर, आता तुम्ही ऐका,” आणि मग जे बोलली ते पाच मिनिटांत आटोपले. होडी जुनी झाली आहे, तिचा जीव इंजिनात खर्ची पडतो आहे. ती विकून कर्ज फेडावे. व्यापाऱ्यास नाही म्हणून सांगावे. कव ठेवावी, चुलतभावाच्या होडीत अर्धा वाटा घेऊन तेथे जावे, उधाणाच्या दिवसांतच, भांगात डिझेल जाळू नये. नातवाने पगारातून काही मागितले तर देऊ नये, कारण तो धंदा त्याचा नाही. पण त्यालाही आज्ञा केली की बापाला दर रविवारी हिशेब विचारून छळू नये. आणि तीन हंगाम पाहावे. “तीन?” नातू म्हणाला. “तीन,” ती म्हणाली, “चौथ्याला मी नसेन, मग काय ते करा.”

माझे मत कोणी विचारले नाही. मला चहा मिळाला.

मला वाटते, तिचा निवाडा जमाखर्चाच्या दृष्टीने पूर्ण टिकणार नाही. अर्ध्या वाट्यात घर चालत नाही. नाखव्यास दुसरे काही जोडकाम पाहावे लागेल, आणि पंचावन्नाव्या वर्षी होडीचा धनी चुलतभावाच्या होडीत खलाशासारखा चढणे सोपे नाही. मी त्याच्या तोंडाकडे पाहत होतो. तो खाली पाहत होता. तथापि तिने एक गोष्ट ओळखली होती, जी माझ्या, मुलाच्या व त्या वहीच्या ध्यानात आली नव्हती: होडी पुन्हा घेता येते. लाकूड मिळते, इंजिन मिळते, कर्ज मिळते. कव गेली की ती विकत मिळत नाही, कारण ती विकणारा कोणी नाही.

संध्याकाळी सहाला अष्टमीची भरती आली. दुपारी चिखलात कलंडलेल्या होड्या एकेक करून सावकाश उभ्या राहिल्या. परत जाताना नाखवा मला रिक्षापर्यंत पोचवावयास आला, आणि वाटेत आपली होडी दाखविली: हिरवी, कडेला पांढरा पट्टा, नाळेवर बापाचे नाव. त्याने तिच्या अंगावर थाप मारली व पाठ फिरविली.

पुढे श्रावणात मी पुन्हा गेलो, नारळी पौर्णिमेच्या दिवशी. पौर्णिमेची पाऊणपट सव्वाअकरा. त्या सुमारास बंदरावर पोचलो तर मिरवणूक, बेंजो, नव्या साड्या, गर्दी. हिरवी होडी दिसली नाही. ती अर्नाळ्याकडे गेल्याचे कळले. चुलतभावाची होडी फुलांनी सजविली होती. तिच्या नाळेशी नाखवा उभा होता, आणि कचेरीतून रजा काढून आलेला मुलगा खालून त्याच्या हाती नारळ देत होता. म्हातारी ओट्यावर खुर्ची टाकून बसली होती. मला पाहून तिने विचारले, “मास्तर, पुढची अमावास्या किती तारखेला?” मी खिशातील पंचांग काढून सांगितले. तिने बोटांवर मोजले आणि नातीला हाक मारून वहीत ती तारीख लिहून घ्यावयास लावली.